पाठीत लागला तर सोडायचा

मार्च महिना लागला की आमचे काका माणसांत राहायचे नाहीत. एरवी फार राहायचे अशातला भाग नाही, पण निदान हाक मारली तर ओ द्यायचे. मार्चमध्ये तेही बंद. घास हातात धरून खिडकीबाहेर बघत बसायचे. खिडकीबाहेर काय, तर कुंपणाशी लावलेलं फोर्सिथियाचं झुडूप. त्याला पिवळी फुलं आली की नदीत मासे आले, असं त्यांचं पंचांग होतं. आमच्या ओहायोत तेव्हा धड थंडीही गेलेली नसते, झुडपाच्या नुसत्या काड्या उभ्या असतात. आणि हा सत्तरीला टेकलेला गृहस्थ त्या काड्यांकडे मुलगी बघायला आल्यासारखा एकटक बघत बसलेला. काकू म्हणायच्या, "अहो, भात गार झाला. झुडूप कुठं पळून जात नाही."

मी त्यांची भाडेकरू. मूळची साताऱ्याची, इथं शिकायला आले आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटले. काका-काकूंच्या घराचं बेसमेंट मला मिळालं. राहायला आले त्या दिवशी काकांनी एकच अट घातली. "तुझ्या खोलीत एक फ्रीझर हाये. तो माझा. रात्री घुरघुरला तर घाबरायचं नाही." मला वाटलं फ्रीझर म्हणजे असेल छोटासा. प्रत्यक्षात तो माझ्या पलंगापेक्षा लांब निघाला. झाकण उघडलं तर आत माशांच्या पिशव्याच पिशव्या. मी म्हटलं, "काका, एवढे मासे तुम्ही दोघं खाता?" त्यांनी वर छताकडे बघितलं, म्हणजे काकूंच्या स्वयंपाकघराकडे, आणि हळूच म्हणाले, "हीच तर गोष्ट हाये ना बाप्पा."

गोष्ट अशी होती. काका भंडाऱ्याकडचे. तलावांच्या मुलखात वाढलेले, मरळ आणि रोहू खाऊन मोठे झालेले. काकू अलिबागच्या. आता अलिबागच्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा दाखवणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांचा अपमान. काकूंच्या लेखी नदीचा मासा हा मासाच नव्हता, तो पाण्यात पोहणारा दुधीभोपळा होता. "समुद्राचं मीठ अंगात मुरलं नाही, तो मासा कसला गं?" असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. कुठल्या तरी बंदरावर मेलेलं पापलेट, डेट्रॉइटच्या देसी दुकानात बर्फाचा दगड होऊन पडलेलं, ते त्या तासभर गाडी हाणून आणायच्या. आणि घरापासून हाकेच्या अंतरावर, मॉमी नदीतून नवऱ्यानं सकाळी धरलेला जिवंत मासा घराचा उंबरा ओलांडू शकत नव्हता. तो गॅरेजमध्ये साफ व्हायचा, बेसमेंटमध्ये गोठायचा आणि माझ्या शेगडीवर शिजायचा. माझ्याकडे दोन शेगड्या होत्या, त्यातली एक काकांची.

काका वाद घालायचे. "तुमचा जिताडा तरी कुठं भर समुद्रात राहते? खाडीत, तळ्यातच राहते की!"

"खाडीला मीठ असतं," काकू म्हणायच्या, आणि खटला निकाली निघायचा.

पुढं पुढं मला कळलं की या माणसाला आयुष्यात आता एकच गोष्ट मिळवायची राहिली आहे. काच कारखान्यात इंजिनिअर म्हणून नोकरी झाली, मान मिळाला, मुलगी शिकून कॅलिफोर्नियाला सनीव्हेलला गेली. राहिलं एवढंच, की काकूंनी त्यांच्या नदीचा एक तुकडा तोंडात घालावा आणि "चांगला आहे" म्हणावं. बास. माणसं मुक्तीसाठी तप करतात, आमचे काका एवढ्याशा शब्दासाठी दर वसंतात बर्फासारख्या पाण्यात मांड्यांपर्यंत उभे राहायचे.

मी एकदा हट्टानं त्यांच्याबरोबर गेले. पहाटे. आधी तर त्यांचा अवतार बघूनच हसू आवरेना. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, डोक्याला माकडटोपी, आणि पाण्यात पाय रोवायला आधार म्हणून काकूंची कपडे वाळत घालायची काठी. ती काठी हरवली म्हणून काकूंनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि काकांनी त्यांच्याबरोबरीनं शोधली होती! पाठीवरच्या पिशवीत चहाचा थर्मास आणि पोळीभाजीचा डबा. नदीत बघते तर खांद्याला खांदा लावून माणसं उभी. ईरी तलावातून मासे अंडी घालायला वर नदीत चढतात, त्यांच्या स्वागताला ही सगळी ओळ. त्या माशाला इंग्रजीत वॉलआय म्हणतात. त्याचे डोळे दुधी काचेसारखे चमकतात, म्हणून काचेच्या कारखान्यात हयात गेलेल्या काकांनी त्याचं बारसं केलं होतं, काचडोळ्या. तो गेला की मे महिन्यात, लायलॅकचं जांभळं झुडूप फुललं की, व्हाइट बास नावाचा मासा येतो. त्याच्या अंगावर पट्टे, म्हणून तो पट्टेवाला. "साहेब येऊन गेले का मंग पट्टेवाला येते," काका समजावून सांगायचे, जणू मी त्याच हापिसात नोकरीला लागणार होते.

मासेमारीचे नियम कडक होते, पण काकांना त्यातला एकच नियम देवासारखा होता. गळ माशाच्या तोंडात लागला असेल तरच तो मासा ठेवायचा. एवढ्या दाटीत मासे चढतात, तेव्हा कधी कधी ओढताना गळ माशाच्या पाठीत नाहीतर पोटात घुसतो. तो मासा सोडून द्यायचा, कितीही मोठा असला तरी. काका म्हणायचे, "तोंडात लागला म्हंजे त्यानं सोताहून घेतला. पाठीत लागला म्हंजे आपण त्याले फसवला. तो आपला नाही." पाण्याचा आवाज इतका असायचा की ओरडून काही ऐकू यायचं नाही. म्हणून मासा ओढून घेतला की काका काठावर बसलेल्या मला खूण करायचे. ओठाच्या कोपऱ्याला बोट लावलं, म्हणजे तोंडात लागला, ठेवला. हात मागं नेऊन पाठीवर ठेवला, म्हणजे पाठीत लागला, सोडला. त्या दिवशी त्यांनी इतक्या वेळा पाठीवर हात ठेवला की शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना कंबरदुखीची गोळी देऊ केली.

त्यात आणखी एक भानगड काकूंनीच करून ठेवली होती. काकांनी एकदा हौसेनं सांगितलं की या माद्या अंडी घालायला वर येतात, म्हणजे बघ, बाळंतपणाला माहेरीच येतात. काकू भाजी चिरता चिरता थांबल्या. "आणि बाळंतपणाला आलेल्या पोरींना तुम्ही आकडा लावता? शाबास!" झालं. त्या दिवसापासून काका मोठ्या पोटाच्या माद्याही सोडायला लागले. तोंडात लागलेल्या असल्या तरी. बरोबरीचे लोक हसायचे. काका फक्त नर मासे घरी आणायचे, तेही काकू खाणार नाहीत हे पक्कं माहीत असताना. आता याला वेड म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मला तर कधी कधी त्यांचा इतका राग यायचा आणि लगेच इतकी माया यायची की काही विचारू नका.

त्यांच्या लग्नाचा वाढदिवस एप्रिलमध्ये, ऐन हंगामात यायचा. त्या वर्षी तो बुधवारी होता. हे महत्त्वाचं, कारण काकूंचे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळण्याचे. काकूंनी मला सांगितलं, "तू डेट्रॉइटला कामाला जातेयस ना? येताना दुकानातून जिताड्याचे तुकडे आण. फ्रोझन असू देत, काय करणार." मी गेले. दुकानात जिताडा संपला होता. रिकाम्या हातानं परत येताना माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. काकांनी कालच धरलेला काचडोळ्या, साफ करून, कातडं काढून माझ्या फ्रिजमध्ये ठेवला होता. पांढरेशुभ्र तुकडे. मी ते त्याच दुकानाच्या एका जुन्या पिशवीत घातले, वर थोडा बर्फ टाकला आणि वर नेऊन दिले. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. म्हटलं, म्हाताऱ्याचं एकदाचं भलं होऊ दे!

काकूंनी तुकडा बोटानं दाबून बघितला. "आज बरा ताजा मिळाला गं," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं बर्फातलं खाऊन अलिबागचं बोटसुद्धा विसरलं होतं, दुसरं काय. मग त्यांनी असा काही स्वयंपाक केला! अर्धे तुकडे तांदळाच्या पिठात घोळवून तळले, अर्ध्यांचं आंबट घातलेलं लालभडक कालवण. ताटं वाढली. काकूंनी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. "याला म्हणतात मासा," त्या म्हणाल्या. "खाडीचं मीठ लागतंय बघ जिभेला. नाहीतर तुमचे ते नदीतले!"

मी टेबलाखालून काकांच्या पायाला पाय लावला. काका आपल्या ताटातल्या तुकड्याकडे बघत होते. त्यांची सुरी शेपटीकडे नेहमी तिरकी जायची, तो तिरका काप त्यांनी ओळखला होता. बघता बघता त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं आता हे उठून नाचतात. काकूंनी दुसरा तुकडा घेतला. तिसरा घेतला. आणि मग काकांनी माझ्याकडे बघितलं, उजवा हात मागं नेला आणि पाठीवर ठेवला.

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, काका, आज नाही.

"पाठ दुखतेय का?" काकूंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "हा जिताडा नाही. हा माझा हाये. कालचा. नदीतला."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. मग हातातला तुकडा संपवला, कारण अन्न टाकायचं नाही, आणि ताट उचलून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. त्या आवाजात अलिबागचा सगळा समुद्र खवळलेला होता. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "उद्यापासून वर चहाला यायची गरज नाही."

खाली आल्यावर मी काकांना फैलावर घेतलं. "काका, तुम्ही वेडे आहात का? जिंकला होतात! एवढी वर्षं ज्याची वाट बघितलीत ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं!"

"जिताड्याले म्हटलं तिनं, माझ्या माशाले नाही," काका म्हणाले. "पाठीत लागला होता. सोडाच लागते ना बाप्पा."

"काकू काय मासा आहेत?"

काका एकदम घाबरले. "मी असं म्हटलं, हे तिले सांगू नको."

चहा माझा बंदच राहिला. मग एका संध्याकाळी जिन्यावर चपलांचा आवाज आला आणि काकू खाली आल्या. त्या घरात इतकी वर्षं राहून त्यांनी तो फ्रीझर एकदाही उघडला नव्हता. त्यांनी झाकण उघडलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "शी! हे असं ठेवतात मासे? दगडांसारखे?" सगळ्या पिशव्या बाहेर काढून पुन्हा नीट रचल्या. जाताना एक पिशवी हातात घेतली. "माझ्याकडे बघू नकोस. त्यांना कोलेस्टेरॉल आहे, मटण बंद झालंय," म्हणाल्या. आणि दारातून वळून, "चहाला ये उद्या."

तेव्हापासून काचडोळ्या वर शिजायला लागला. काकूही खायच्या. पण चांगला म्हणायच्या नाहीत. "ठीक आहे." "गोडा तो गोडाच." "मसाला चांगला म्हणून खपतोय." काका दर जेवणानंतर निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरासारखे बसायचे आणि दर वेळी नापास व्हायचे. मी म्हटलं, "खातात ना आता? मग झालं की." त्यांनी मान हलवली. "माझ्यासाठी खाऊन राहिली ती. चवीसाठी नाही. थोडासा फरक हाये."

पुढच्या वर्षी काका नदीत पाय घसरून पडले. रबरी विजारीत पाणी भरलं की माणूस दगडासारखा खाली जातो. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी त्यांना दंडाला धरून काठाला ओढलं. काका ओले, निळे पडलेले, आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य, "काठी वाहून गेली." काकू रडल्या. मी त्यांना तेव्हाच काय ते रडताना बघितलं. दुसऱ्या दिवसापासून काका नदीवर निघाले की काकूही निघायच्या. काठावर घडीच्या खुर्चीत, साडीवर जाड जॅकेट, कानाला मफलर. हातात लेकीसाठी विणायला घेतलेला स्वेटर. काका एक पाऊल जरी पुढं सरकले की काठावरून आरोळी, "अहो! अहो, पुढं नाही जायचं!" ती आरोळी पाण्याच्या आवाजावरूनही जायची. ओळीतल्या अमेरिकन म्हाताऱ्यांना वाटलं हेच यांचं नाव. ते सगळे काकांना "गुड मॉर्निंग, अहो" म्हणायला लागले. काका कुणालाच चूक दुरुस्त करून सांगायचे नाहीत. एवढ्या माणसांनी बायकोसारखी हाक मारावी, हे त्यांना आवडत असावं.

पण लेकीनं ती पडल्याची बातमी ऐकली आणि तिकडून फोनावर फोन. "बाबा, प्लीज, यू आर मूव्हिंग हियर." गुडघेही बोलायला लागले होते. घर भाडेकरूसकट विकलं गेलं, फ्रीझर शेजाऱ्याला गेला. निघायच्या आदल्या दिवशी काका मला कुंपणाशी घेऊन गेले आणि फोर्सिथियाची काडी कापून, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. "तिकडं लावतो," म्हणाले. मी म्हटलं, "काका, तिकडं फुलली तरी मासे कुठं येणार आहेत?" त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. मला नको होतं ते बोलले, असं झालं. त्यांची गाडी गेल्यावर मी बेसमेंटमध्ये आले. फ्रीझरच्या जागी फरशीवर पांढरा चौकोन उरला होता, आणि घुरघुर नव्हती. मला रात्रभर झोप लागली नाही.

गेल्या महिन्यात कंपनीच्या कामानं क्युपर्टिनोला जाणं झालं. काका-काकू सनीव्हेलला, तिथून जवळच. रविवारी जेवायला बोलावलं. काका वाळल्यासारखे दिसले. काडी रुजली होती, कुंडीत टेकू देऊन उभी होती, पण फूल नव्हतं. लेक सकाळी गाडी घेऊन हाफ मून बेला गेली होती आणि बोटीवरून उतरलेला समुद्राचा ताजा मासा घेऊन आली होती. खरा समुद्र, खरं मीठ, बर्फाचा कणही नाही. काकूंना आयुष्यभर जे हवं होतं ते अखेर दारात आलं होतं. त्यांनी तेच केलं. तांदळाचं पीठ, तेच आंबट कालवण. ताटं वाढली. लेक म्हणाली, "आई, सो फ्रेश, ना?"

काकूंनी घास घेतला. चावला. पुन्हा चावला. काका आपल्या ताटाकडेच बघत होते, त्यांना आता कशाचीच वाट बघायची नव्हती.

"बरा आहे," काकू म्हणाल्या. मग ताट थोडं पुढं सरकवलं. "पण खारट आहे हो नुसता. आपल्या नदीच्या काचडोळ्याची सर नाही याला. तो कसा गोड होता. जिभेवर ठेवला की..." आणि त्या पुढचा शब्द शोधत बसल्या.

काकांनी ठेवलेलं ते नाव काकूंनी आजवर कधी तोंडात घेतलं नव्हतं. आणि "आपली नदी" तर मी काकूंच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. माझा घास हातातच राहिला. मी काकांकडे बघितलं.

काका माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हळूच हात वर नेला आणि ओठाच्या कोपऱ्याला बोट लावलं.

"काय हो," काकू म्हणाल्या, "दाढ दुखतेय का?"

काकांनी मान हलवून नाही म्हटलं, पण बोट काही काढलं नाही.